आधी कढई बघ

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

कॅन्टीन समितीवर नववीतून तुझं नाव गेलंय. पहिल्या दिवशी भिंतीवरचा मेन्यू वाचत बसू नको, सकाळी पहिला घाणा निघायच्या आत कढईपाशी जा. तेल काळपट आहे, झाऱ्यावरून चिकट ओघळतंय, वडा सोडल्यावर आलेला फेस बसतच नाही, तापायच्या आधीच धूर निघतो. असं दिसलं तर ते तेल संपलं समज. बेसनाचा चुरा तळाशी जळत राहतो, बटाट्यातलं पाणी तेलाला फोडतं, आणि वरून कालच्या तेलात आजचं ओततात. त्यानं जुनं सुधारत नाही, नवंच लवकर बिघडतं. टोटल पोलर कम्पाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापून बिघडलं की त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला कायद्यानं बंदी आहे. मोजायचं यंत्र शाळेत नसणार, म्हणून डोळे आणि नाक. रोजचं तेल निवल्यावर फडक्यातून गाळायला सांग, आणि कढई लहान घ्यायला. मोठ्या कढईत उरतं जास्त, आणि उरलेलंच उद्या परत चढतं.

एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण नुसता वडा काढला तर पोरं एक्कावन्नाव्या मीटरवरच्या गाडीला जातील. त्याच्या जागी पोटाला धरणारं काहीतरी हवं.

मटकीची उसळ धर. प्लेटला ४० ग्रॅम कोरडी मटकी, त्यात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं. थंडीत रात्रभर फडक्यात बांधली तरी चालते. मार्चनंतर आपल्या जळगावच्या उकाड्यात तीच मटकी सकाळी बुळबुळीत होऊन आंबूस मारते. तेव्हा ८ तास भिजवून ५-६ तासच बांधायची, मध्ये एकदा धुवायची, मोड बारीक असले तरी चालतील. वर लिंबू पाहिजेच, त्यानं लोह अंगी लागतं. तेरा ते पंधरा वयाच्या मुलींना दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह सांगितलंय. सोबत चहा घेतला तर लिंबाचा फायदा बराचसा वाया.

कुणीतरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी सुचवेलच. घरी तव्यावरून ताटात येते म्हणून गोड लागते, कॅन्टीनमध्ये तासाभरात कडक. त्याच पिठाची धिरडी घाला, कांदा-कोथिंबीर घालून. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते उडदातून मिळतं.

केळी ठेवा, पण सोललेली, कापलेली नकोत. लोहासाठी म्हणून केळी खातात, त्यात लोह नावालाच. थंड पेयाच्या २५० मिलिच्या बाटलीमागचा आकडा वाच: १०० मिलिला १०-११ ग्रॅम साखर, म्हणजे बाटलीत पाच-सहा चमचे. त्यापेक्षा ताक, मीठ बेतानं.

कॅन्टीनवाल्या काकांशी भांडू नको, त्यांचं भाडं सुटलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात ३० प्लेटाच करायला सांग, सव्वा किलो मटकी पुरते. उरली तर ते पुन्हा करणार नाहीत.

तुझे पप्पा