“सेक्शन छान कापलेत गं” म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण थिसिसच्या आभारांच्या पानावरच्या दोन ओळींत हे मावणारं नव्हतं, म्हणून उघडच लिहिते आहे.

तुमच्या लॅबमध्ये आले तोवर माझ्याबद्दल सगळ्यांचं ठरून गेलं होतं : हिचा हात कच्चा. विषय रक्तदाब सांभाळणाऱ्या अँजिओटेन्सिन या हार्मोनच्या रिसेप्टर्सचा, म्हणजे ते पेशीवर ज्यांना चिकटून काम करतं त्या प्रथिनांचा, रॅटच्या वाढत्या किडनीतला. एटी-२ हा रिसेप्टर गर्भात भरपूर असतो आणि जन्मानंतर झपाट्याने ओसरतो, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. किडनीच्या पातळ कापांवर, म्हणजे सेक्शनवर, रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी लावली की तो असेल तिथे तपकिरी रंग यायला हवा. माझ्या स्लाइड्सवर मात्र मोठ्या रॅटची किडनीही पिल्लाच्या किडनीइतकीच तपकिरी दिसायची. अँटीबॉडी विकणाऱ्या कंपनीचं एकच पालुपद, डायल्यूशन बदलून बघा, म्हणजे ती कमी-जास्त पातळ करून बघा. आमच्याकडच्या एका वरिष्ठांनी तर भर सेमिनारमध्ये माझ्या टेक्निकवर बोट ठेवलं. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघण्याची तसदी न घेता! ते अजूनही खुपतं.

तुम्ही आधी स्लाइड उजेडाला धरलीत. मग लेन्सखाली ठेवून कॉर्टेक्सच्या, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थराच्या, कडेकडेने सावकाश सरकवत गेलात. कॅप्सूलच्या, म्हणजे किडनीवरच्या आवरणाच्या, अगदी खाली, जिथे पिल्लात अजून नवे नेफ्रॉन (रक्त गाळणारे किडनीचे सूक्ष्म घटक) घडत असतात, तिथे एस आकाराचे ते कोवळे नेफ्रॉन पाहून थांबलात आणि मान वर न करता म्हणालात, “सेक्शन छान कापलेत गं. एक घडी नाही कुठे.”

मॅडम, बाकी सगळी मदत त्यानंतरची. माझ्यासाठी ती त्या वाक्यातच झाली होती. ज्यांनी मला नावं ठेवली त्यांच्यापैकी कोणीही माझं काम असं पाहिलं नव्हतं. तुमची-माझी ओळखही नव्हती.

मग तुम्ही कपाटातून एटी-२ नॉक-आउट माऊसच्या किडनीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, काढलात. थोडाच उरला होता, तरी स्वतः मायक्रोटोमवर बसून त्याचे सेक्शन कापून दिलेत. त्या प्राण्यात हा रिसेप्टर नाहीच, आणि माझ्या अँटीबॉडीने तिथेही तोच तपकिरी रंग दाखवला. म्हणजे रंगच खोटा, दोष अँटीबॉडीचा. २०१२-१३च्या सुमारास एटी-१ (अँजिओटेन्सिनचा दुसरा रिसेप्टर) आणि एटी-२ च्या विकत मिळणाऱ्या अँटीबॉडीजबद्दल नेमकं हेच छापून आलं होतं. इतक्या वर्षांनी त्याच अँटीबॉडीज विकणाऱ्यांना ते ठाऊक नसेल?

अँटीबॉडी सोड, इन सिटू हायब्रिडायझेशनने एमआरएनए, म्हणजे रिसेप्टर बनवण्याचा पेशीतला निरोप, सेक्शनवरच बघ, हा तुमचाच सल्ला. आता पिल्लात कॅप्सूलखालच्या पट्ट्यात सिग्नल स्वच्छ दिसतो, मोठ्या रॅटमध्ये जवळजवळ नाहीच.

हे कोणाच्या उपयोगाचं, असं घरचे विचारतात. रॅटमध्ये जन्मानंतरही साधारण आठवडाभर नवे नेफ्रॉन बनत राहतात. माणसात ते काम गर्भातच, छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास संपतं. त्यामुळे खूप लवकर जन्मलेल्या बाळाची किडनी समजून घ्यायला हे पिल्लू उपयोगी पडतं. रक्तदाबाच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या गरोदरपणात देत नाहीत, कारण त्या अँजिओटेन्सिनचंच काम अडवतात. बाळाची किडनी नीट घडत नाही, गर्भजल कमी होतं. अशा विषयात चुकीचा रंग खरा मानून पुढे गेले असते तर, या विचाराने अजून धस्स होतं.

विद्वान माणसं पुष्कळ भेटली. समोरच्याचं काम आधी नीट बघावं, मग बोलावं, एवढा साधा सभ्यपणा फार थोड्यांत दिसला. तो शिकवणारा कोर्स कुठे नाही. तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसूनच तो लागत असावा.

आमच्या लॅबमध्ये आता नवी अँटीबॉडी आली की आधी नॉक-आउटचा सेक्शन मागवतात. तुमचा ब्लॉक मात्र माझ्यापायी संपत आला. नवीन कराल तेव्हा हाक मारा, सेक्शन कापायला मी येईन.

तुमची,
किडनीवाली मुलगी