पाच हातात, पंचवीस घरी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर आपलं जरा वाजलंच. ठेवी वेगवेगळ्या बँकांत ठेवा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "अर्धा टक्का जास्त मिळतोय, चेअरमन ओळखीचे आहेत. तुझ्या अमेरिकेतली भीती इकडे आणू नकोस." आणि फोन आईकडे दिलात. मला तोंडी भांडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून पत्र.

आदल्याच दिवशी आम्ही व्हर्जिनियात शेनंडोआच्या डोंगरात गेलो होतो. माथ्यावरून १०५ मैलांचा रस्ता जातो, आणि त्याच्या कडेचे दगडी कठडे बघून मला आंबा घाट आठवला. हे कठडे १९३३ नंतर, अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात, बेकार पोरांनी रचले. अठरा ते पंचवीस वयाची, घरी खायची भ्रांत असलेली पोरं सरकारने छावण्यांत आणली आणि झाडं लावायच्या, रस्ते-बांध घालायच्या कामाला जुंपली. पगार महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी. हातात पाच. बाबा, गिरगावातल्या खोलीवरून तुम्ही आजोबांना मनीऑर्डर करायचात ना, ती मला तिथे उभ्या उभ्या आठवली. या पोरांची मनीऑर्डर सरकारच करायचं, म्हणजे चुकवायची सोयच नाही! (या राष्ट्रीय उद्यानासाठी त्याच डोंगरातली शेकडो कुटुंबं उठवली, हेही खरं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना ते वेगळं सांगायला नको.)

मंदीआधीची दहा वर्षं चैनीची. मोटार, रेडिओ, फ्रीज, सगळं हप्त्यावर. शेअरसुद्धा उधारीवर: शंभराचा शेअर दहा-वीस डॉलर भरून घ्यायचा, बाकीचे दलाल देणार, तारण तोच शेअर. भाव चढता आहे तोवर सगळेच हुशार. सप्टेंबर १९२९ मध्ये तिथल्या शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर. जुनी पातळी परत दिसायला १९५४ उजाडलं.

पण मला जास्त लागलं ते शेतकऱ्यांचं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव होता म्हणून त्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज तेवढं राहिलं. शहरात जॅझ वाजत होता, तेव्हाच खेड्यांतल्या छोट्या बँका एकेक करून मिटत होत्या. मंदीत मका इतका स्वस्त झाला की काही ठिकाणी कोळशाऐवजी तोच शेगडीत घालायचे. जप्ती आली की लिलावाला सगळी पंचक्रोशी जमायची. गाईला पाच सेंट, नांगराला दहा सेंट, त्यापुढे कोणी बोलायचंच नाही. बाहेरचा कोणी बोली लावायला आलाच, तर त्याला दिसेल असा फास टांगून ठेवलेला. सगळं चिल्लरीत घ्यायचं आणि मूळ मालकाला परत द्यायचं. आई, तुला हे ऐकून बरं वाटेल. मलाही वाटलं.

तेव्हाचा अध्यक्ष हूवर काही दुष्ट माणूस नव्हता. महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवणारा तोच. पण सरकारने थेट हातात पैसा दिला की माणूस बिघडतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मदत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि धर्मादाय संस्थांनी करावी. १९३२ मध्ये बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना मात्र सरकारी कर्ज मिळू लागलं. त्याच उन्हाळ्यात हजारो जुने सैनिक, १९४५ ला मिळणारा बोनस आत्ताच द्या म्हणून वॉशिंग्टनला येऊन बसले, तर त्यांच्यावर सैन्य घातलं, रणगाड्यांसकट.

आता बँकांचं ऐका, भांडण त्यावरूनच आहे. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. सगळ्या लबाड नव्हत्या. बँक आपला पैसा तिजोरीत ठेवत नाही, कर्जाऊ देते. सगळे एकाच सकाळी दारात आले तर चांगली बँकही बसते. मार्च १९३३ मध्ये हूवरच्या जागी रूझवेल्ट अध्यक्ष म्हणून आले, आल्या आल्या त्यांनी देशभरच्या बँका बंद ठेवल्या, आणि १२ तारखेला रविवारी रात्री रेडिओवर हेच साध्या भाषेत समजावलं. सोमवारपासून तपासलेल्या बँका उघडू लागल्या, तर लोक पैसे भरायला रांगेत! तरी नुसत्या भाषणावर भागलं नाही. त्याच वर्षी कायदा झाला आणि जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा आला, म्हणजे बँक बुडाली तरी तेवढे पैसे परत. गंमत म्हणजे खुद्द रूझवेल्ट सुरुवातीला याच्या विरोधात होते. १९३३ मध्ये सुमारे चार हजार बँका गेल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्यांपैकी फक्त ९.

मी काही रूझवेल्टभक्त झालेली नाही. १९३५ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले. त्यांत काळे लोक किती असतील, तुम्हीच ओळखा.

आणि बाबा, ही भीती नुसती अमेरिकेतली नाही. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आईच्या माहेरच्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये आपल्याकडे ठेवविमा आला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती, २०२० पासून पाच लाख. हे पाच लाख एका माणसाचे, एका बँकेतले, मुद्दल-व्याज धरून आणि सगळ्या शाखा मिळून. बाजारपेठेतल्या शाखेतून काढून स्टेशनजवळच्या शाखेत टाकलेत, तर ते वेगळे धरत नाहीत. तुमचे निवृत्तीचे सगळे पैसे एकाच ठिकाणी आहेत. चेअरमन भले देवमाणूस असोत.

अर्धा टक्का मी दर दिवाळीला भरून देईन. थट्टा नाही, लिहून देते.

तुमची,
मनू

ता. क. आई, ठेवींच्या निम्म्या पावत्या बाबांच्या कपाटात नसून तुझ्या पैठणीच्या घडीत आहेत, हे मला माहीत आहे. मोजताना त्याही धर.