आण्णांच्या वेळी धावून आलेल्यांनो, आभार

आण्णा गेले त्याला आज तेरा दिवस झाले. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलेले, तिथंच चक्कर येऊन पडले, तेव्हा ज्या हमाल मामांनी उचलून टेम्पोत घातलं आन ज्या टेम्पोवाल्या दादांनी भाडं न घेता दवाखान्यात पोचवलं त्यांची नावंपण विचारायची राहिली ओ, डोकंच चालत नव्हतं. कांदा विकल्याच्या पट्टीचे पैसे पण कुणीतरी रुमालात बांधून खिशात ठेवलेले, एक रुपया कमी नाही.

1972 च्या दुष्काळात आण्णांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, म्हणून ताटात भाकरीचा तुकडा टाकलेला चालायचा नाही त्यांना. मंगळवेढ्याची काळी रानं, पाणी नाही काही नाही, नुसत्या ओलीवर मालदांडी ज्वारी आणायचे. आणि हट्टी तर इतके की बीपीची गोळी बैलाला द्या म्हणायचे.

आम्ही सुतकात होतो, ज्वारी काढायला आलेली. चौथ्या दिवशी रानात गेलो तर सगळी काढणी झालेली, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंज लावलेली. कुणी केलं विचारलं तर गावात कुणी कबूलच होईना. जे कोण असाल, पुढच्या हंगामात हुरड्याला या.