ग्राइंडरचे वॉट नव्हे, दळण पाहा

संपादक महोदय,

घरी कॉफी करण्याच्या साधनांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ग्राइंडर घेताना मोटरचे वॉट पाहा, जितके जास्त तितके उत्तम, असा सल्ला त्यात आहे. मिक्सरच्या बाबतीत तो चालेल. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये मात्र पाहायचे ते दळण किती एकसारखे पडते हे, आणि ते मोटरपेक्षा दळणाऱ्या जोडीवर ठरते.

पाते गरगर फिरते तो ब्लेड ग्राइंडर खरे तर दळत नाही, नुसते तुकडे करतो. तळाशी आलेल्या कणांवर पाते पुन्हा पुन्हा आदळते, वर उसळलेले तुकडे तसेच राहतात. हाती येते ते निम्मे पीठ, निम्मी भरड. गरम पाणी पिठातला अर्क भराभर ओढते आणि पाठोपाठ कडवटपणाही काढते. भरडीत पाणी आतपर्यंत पोहोचण्याआधीच वेळ संपते, म्हणून तिची चव आंबट आणि पाणचट लागते. दोन्ही दोष एकाच कपात असल्याने वेळ किंवा प्रमाण बदलून काही साधत नाही. एक दोष कमी केला की दुसरा वाढतो. असा ग्राइंडर घरात असेलच तर दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये भांडे हलवावे आणि पीठ बारीक चाळणीने काढून टाकावे. तेवढ्यानेही फरक कळतो.

बर ग्राइंडरचे तत्त्व जात्याचे आहे. एक दातेरी भाग म्हणजे बर स्थिर, दुसरा फिरता, मधली फट आपण ठरवायची. कण त्या फटीतून जाण्याइतका लहान होईपर्यंत सुटत नाही. शंकूच्या आकाराचे बर घ्यावेत की सपाट, यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. घरगुती वापरात त्याने फारसे बिघडत नाही. स्टील की सिरॅमिक, हा प्रश्न जास्त कामाचा. स्टीलला धार चांगली लावता येते आणि दळण लवकर होते. सिरॅमिक गंजत नाही, पण बियांत खडा निघाला तर त्याचा टवका उडतो.

दुकानात कोणी तपासत नाही अशी गोष्ट म्हणजे मधला दांडा. हाताच्या ग्राइंडरमध्ये तो वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये पक्का धरलेला हवा. आतला बर बोटांनी धरून आडवा हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. बारीक दळताना हा दोष बराचसा झाकला जातो, जाड दळताना उघडा पडतो. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीने खाली दाबण्याच्या भांड्यात, तळाशी गाळ साचण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

आता, आपण कॉफी करतो कशी? फ्रेंच प्रेसला 30 ग्रॅम कॉफी, 450 मिली पाणी आणि 4 मिनिटे. दळण भरड, एखादा क्लिक, म्हणजे फट कमी-जास्त करण्याचा टप्पा, इकडेतिकडे झाला तरी चालते. पोअर ओव्हरला, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतण्याच्या पद्धतीला, 15 ग्रॅमला 250 मिली घेतले तर पाणी साधारण 3 मिनिटांत उतरावे. दोनच मिनिटांत उतरून चव आंबट आली तर बारीक करा, चार मिनिटे ओलांडून कडू झाली तर जाड. मशीनच्या दाबाने पुडीतून गरम पाणी काढतात त्या एस्प्रेसोचे गणित मात्र वेगळे: 18 ग्रॅममधून सुमारे 36 ग्रॅम पेय 25 ते 30 सेकंदांत यायला हवे. ग्राइंडरचे टप्पे मोठे असले तर एका क्लिकवर धार भसकन येते आणि पुढच्यावर मशीन गुदमरते. त्यासाठी अगदी लहान टप्पे किंवा टप्पेविरहित रचना लागते. एस्प्रेसोचे मशीन ज्याच्या घरात नाही आणि घेण्याचा विचारही नाही, त्याने या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

एकदोन कप करणाऱ्याला हाताचा ग्राइंडर पुरतो. त्यात एका वेळी बहुधा 20 ते 30 ग्रॅम मावतात. हलक्या भाजणीच्या बिया कडक असतात, त्या बारीक दळताना मनगट दुखते, हे आधी लक्षात घ्यावे. चार-पाच जणांसाठी रोज करायची असेल तर विजेचाच बरा.

वापरातल्या चुका सांगायला हव्यात, कारण चांगल्या ग्राइंडरचा दोष पुष्कळदा तिथे निघतो. दुसऱ्याने सांगितलेले ‘बारा क्लिक’ आपल्या मॉडेलवर निरर्थक असतात. रिकाम्या ग्राइंडरचे बर हलकेच एकमेकांना टेकेपर्यंत आवळा, ते शून्य धरा आणि तिथून मोजा. विजेच्या ग्राइंडरमध्ये दळण बारीक करायचे ते मोटर चालू असताना. बंद असताना आवळले तर मध्ये अडकलेल्या बिया चिरडून बर जाम होतात. पूड भांड्याला चिकटून उडत असेल तर दळण्यापूर्वी बियांत पाण्याचा एक थेंब घालून ढवळा. दळताना तयार होणारा स्थिर विद्युतभार पाण्याने कमी होतो, हे ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. एक थेंब म्हणजे एकच. जास्त झाले तर पूड आत लिंपून बसते.

बर कोरड्या ब्रशने साफ करावेत. गडद भाजणीच्या बिया तेलकट असतात, त्या वापरत असाल तर आठवड्याला. स्टीलचे बर पाण्याखाली धरू नयेत. साफसफाईसाठी तांदूळ दळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तोही टाळावा: दाणा कॉफीपेक्षा टणक, मोटरवर ताण येतो आणि त्याचे पीठ कोपऱ्यांत राहते ते वेगळेच.

दुकानदार तयार असेल तर पोअर ओव्हरच्या मापाने 10 ग्रॅम दळून पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. धूळ आणि मोठे तुकडे दोन्ही ठळक दिसले तर तो ग्राइंडर परत ठेवा. आणि सुटे बर मिळतात का, हे विकत घेण्याआधीच विचारा. धार गेल्यावर तेवढेच बदलता येतात. मिळत नसतील तर पूर्ण यंत्रच बदलावे लागते.

– एक वाचक