पंधराच्या जागी पंधराचाच

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, गाडीतलं ते दोन तोंडांचं अडॅप्टर शोधत बसू नका. परवा निघताना मीच बॅगेत घालून आणलं. विचारलं असतं तर तुम्ही दिलं नसतं, म्हणून विचारलं नाही. एका तोंडाला आईची पाठ शेकायची गादी, दुसऱ्याला टायरचा पंप. पंप जोरात चालला की दहा-बारा अँपिअर सहज ओढतो, गादी तीन-चार. गाडीतल्या चार्जर लावायच्या सॉकेटचा फ्यूज पंधराचा. बेरीज तुम्हीच शिकवलीत मला. सॉकेट बंद पडलं याचं मला काही नाही, पण त्या रात्री दोघांचेही फोन बंद आणि तुम्ही रस्त्यावर, हे मला झेपत नाही.

आई, तुझी गादी कुठे जात नाही. सॉकेट सुरू झालं की ती एकटीच लावायची, एवढंच. तोवर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ने. तुझ्या पर्समध्ये पॉवर बँक ठेवली आहे, भरलेली. ती उन्हातल्या गाडीत विसरू नकोस. आणि तिच्यावर फक्त फोन. बाबांना तिच्यावर गादी चालवून बघायची नाही म्हणून सांग.

बाबा, शनिवारी इलेक्ट्रिशियन येईल, ठरवलंय मी. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. फ्यूजचा डबा स्टिअरिंगच्या खाली आहे, तिथे वाकून मान वर केली की तुम्हाला चक्कर येते, आणि ते तुम्ही डॉक्टरांना सांगत नाही. तरी शनिवारच्या आत तुम्ही झाकण उघडणारच, म्हणून लिहिते.

आधी किल्ली एक खटका फिरवून बघा. गाडी पूर्ण बंद असली की काही गाड्यांत सॉकेटला वीजच येत नाही. मग तोच चार्जर दुसऱ्या गाडीत लावा. काही चार्जरच्या टोकाची टोपी फिरवली की आत छोटा फ्यूज निघतो, कधी तोच गेलेला असतो. चार्जर ठीक निघाला तर किल्ली काढा आणि टॉर्चने सॉकेटच्या आत बघा. मधली पिन पॉझिटिव्ह, भोवतालचा पत्रा निगेटिव्ह. आईची एखादी पिन किंवा नाणं दोन्हीला टेकलं की झालंच. काही दिसलं तरी आधी सॉकेटचा फ्यूज काढा, मग ते काढा. चिमट्याने नको, लाकडी काडीने.

कुठला फ्यूज ते झाकणाच्या आतल्या चित्रात आहे. पंधराचा निळा असतो. उजेडात धरा, आतली पट्टी तुटलेली दिसली तर गेला.

जुन्या घरी दिवे गेले की तुम्ही स्टुलावर चढून फ्यूजला तार गुंडाळायचात आणि मी खालून टॉर्च धरायचे. हात अवघडायचा, पण दिवे मीच आणले असं वाटायचं मला. ‘ही तार जरा जाड घालू, परत जायला नको,’ हे तुमचं वाक्य अजून कानात आहे. बाबा, तेवढं इथे करायचं नाही. निळा गेला तर निळाच. पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. डब्यात पडलेले असले तरी लावायचे नाहीत. चांदीचा कागद तर नाहीच. फ्यूज उडाला नाही तर आतली वायर तापते, आणि ती वायर तुमच्या दोघांच्या पायांशी आहे.

नवा लावल्या लावल्या उडाला, तर तिसरा लावायचा नाही. कुठेतरी शॉर्ट आहे, ते शनिवारी तो बघेल. फ्यूज शाबूत असेल तर मागची वायर सुटली असेल, तेही त्याचंच काम. चहा देऊन त्याला शेजारी उभं राहून शिकवू नका. बरं, थोडं शिकवा.

सॉकेट सुरू होईपर्यंत अंधार पडायच्या आत घरी. आई, गोळ्यांची डबी पर्समध्येच असू दे. चक्करेचं डॉक्टरांना तू सांग, ते सांगणार नाहीत. पंप हवाच असेल तर पायाने मारायचा मी पाठवते, पण मारायला शेजारच्या मुलाला बोलवा.

तुमची,
चिमी