बातमीत पद्धतीलाही जागा द्या

महोदय,

मेंदूच्या जडणघडणीवर आयुष्यभर काम केलेल्या शास्त्रज्ञाची ओळख वृत्तपत्रांतून करून दिली जाते, तेव्हा एखाद्या प्रथिनाचे नाव, पुरस्कारांची यादी आणि उपचारांची आशा एवढे हमखास येते. ते काम ज्या पद्धतीवर उभे असते, तिला एक ओळही मिळत नाही. वाढत्या चेतापेशींच्या बाबतीत हे फार खटकते, कारण या विषयातले मोठे वाद नव्या पद्धतींनीच मिटवले आहेत.

स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूचे रुंदावलेले टोक, म्हणजे ग्रोथ कोन, दाखवले. पण ती ऊती मृत आणि रंगवलेली होती. तंतू एकाच पेशीतून फुटतो की अनेक पेशी जुळून तयार होतो, यावरची भांडणे चालूच राहिली. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातला चेतानलिकेचा (ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या नळीचा) तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून तो थेंब काचेला उलटा टांगला, आणि जिवंत पेशीतून तंतू पुढे सरकताना पाहिला. काहाल यांना १९०६ चे नोबेल मिळाले होते. हॅरिसन यांना ते कधीच मिळाले नाही.

पुढची मोठी पायरी बँकर आणि कोवन यांची, १९७७ सालची. उंदराच्या जातीतल्या रॅट या प्राण्याच्या १८ दिवसांच्या भ्रूणातून हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, काढायचा. नेमका हाच दिवस का? त्या भागातल्या मुख्य, म्हणजे पिरॅमिडल, चेतापेशी बहुतेक तोवर जन्मलेल्या असतात, पण त्यांच्या शाखा आखूड असल्याने पेशी सुट्या करताना फारशी इजा होत नाही. ३७ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटे ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारे विकर), मग ज्योतीवर टोक गुळगुळीत केलेल्या पिपेटमधून हलक्या हाताने वर-खाली ओढणे, आणि पॉली-लायसिन (पेशी काचेला धरून ठेवणारा पदार्थ) लावलेल्या कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेवर, पेरणी. नंतर या पद्धतीत भर पडली: खाली ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा थर. कव्हरस्लिप त्यावर पालथी, पण पॅराफिनच्या ठिपक्यांवर टेकलेली, म्हणजे पोषण मिळते आणि दोन्ही थरांतल्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत.

बिघडते ते इथेच. पॉली-लायसिन नीट धुतले नाही तर ते पेशींना मारते. काच स्वच्छ नसली तर पेशी गोळे करून बसतात. पिपेटमध्ये बुडबुडे आले की पेशी फुटतात, त्यांचा डीएनए चिकट जाळे करतो आणि उरलेल्या पेशीही त्यात अडकतात. पेरणी फार विरळ झाली तर पेशी तगत नाहीत. इन्क्युबेटरमधली आर्द्रता घटली की पेशी ज्या पोषक द्रावात वाढतात त्यातले पाणी उडते, क्षारांचे प्रमाण वाढते आणि पेशी कुठलेही कारण न दिसता कोमेजतात.

एवढे सांभाळल्यावरच डॉटी, सुलिवन आणि बँकर यांना १९८८ मध्ये वाढीचे पाच टप्पे मांडता आले. आधी चार-पाच सारख्याच आखूड शाखा. सुमारे दीड दिवसाने त्यांतली एक झपाट्याने लांबते आणि ॲक्सॉन, म्हणजे संदेश बाहेर नेणारा तंतू, होते. बाकीच्या डेन्ड्राइट, म्हणजे संदेश घेणाऱ्या शाखा, व्हायला चौथा दिवस उजाडतो. त्याआधी, १९८७ मध्ये, डॉटी आणि बँकर यांनी दाखवले होते की कोवळा ॲक्सॉन बुडाजवळ छाटला तर दुसरी शाखा ॲक्सॉन बनू शकते. कुठली शाखा काय होणार हे सुरुवातीला पक्के ठरलेले नसते, हा आमच्या मते या विषयातला सर्वांत सुंदर निष्कर्ष आहे, आणि एकेक पेशी सुटी दिसल्याशिवाय तो हाती लागला नसता.

वाचकाच्या दृष्टीने धोक्याची जागा वेगळीच आहे. ग्रोथ कोन आक्रसला की औषधाचा परिणाम झाला असे वाटते. पण सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाशही त्याला आक्रसवतो, आणि औषध ज्यात विरघळवले ते डायमिथाइल सल्फॉक्साइडही जास्त प्रमाणात घातक ठरते. म्हणून तोच प्रकाश आणि तेच द्रावक, पण औषध नाही, अशी तुलनेची पेशी लागतेच. शाखा मोजणाऱ्यालाही कुठली काच कुठली हे ठाऊक नसावे.

अशा संशोधनाची बातमी देताना आपल्या प्रतिनिधींनी तीन गोष्टी विचाराव्यात अशी विनंती: पेशी कुठल्या प्राण्याच्या आणि किती दिवसांच्या, तुलना कशाशी केली, आणि किती वेगवेगळ्या दिवशी नव्याने पेशी काढून प्रयोग केला. एकाच दिवशी काढलेल्या शंभर पेशी म्हणजे शंभर प्रयोग नव्हेत. उत्तरे दोन ओळींत मावतात.

आपले,
चेतापेशींच्या वाढीवर काम करणारे काही संशोधक