खांद्याला बसेल ती रायफल घे

अंबाजोगाई,
१२ जून

चि. मयू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. परवाना हातात आला, आता पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल घ्यायची, वर स्कोप, म्हणजे दुर्बीण लावायची, आणि शेवटी, "आई, तूच सांग कोणती घेऊ." तेव्हा नीट बोलता आलं नाही. बाबा सोयाबीनच्या बॅगा चढवत होते आणि सगळ्यांनी मलाच हाका मारायला सुरुवात केली होती. आज दुपारी मृगाची सर पडून गेली, रानात पाऊल टाकता येईना, म्हणून लिहायला बसले.

मी एनसीसीत होते हे तुला माहीत आहे. पण १९९३ सालचं माझं पहिलं फायरिंग तुला कधी सांगितलं नाही. सतरंजीवर पालथं पडायचं, समोर २५ मीटरवर कागद, पाच गोळ्या. रायफल जुनी, लाकडी दस्त्याची, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारी दांडी, मागेपुढे करायची. माझे हात आखूड. दस्ता खांद्यात बसवला की गाल लाकडाला टेकायचा नाही, गाल टेकवला की कोपर सरकायचं. पाच भोकं कागदभर विखुरली. मी सरळ म्हटलं, रायफलच वाकडी आहे. उस्तादांनी तीच रायफल घेतली, माझ्या शेजारी पडले आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. म्हणाले, "रायफल सीधी है बेटी, तेरे नाप की नहीं है." मग त्यांनी आपला टॉवेल घडी करून दस्त्यावर सुतळीनं बांधला. गाल टेकला, डोळा आपोआप साइटच्या रेषेत आला, आणि माझीही भोकं जवळ यायला लागली. तो सुतळीचा काच किती दिवस गालावर होता!

म्हणून दुकानात जाण्याआधी क्लबमध्ये मिळतील तेवढ्या रायफली खांद्याला लावून बघ. डोळे मिटून खांद्याला लाव, गाल टेकव, मग डोळे उघड. मान न हलवता साइटमधून दिसलं पाहिजे. मान ताणावी लागली तर ती रायफल तुझी नाही, कितीही नावाजलेली असो. गालाची पट्टी आणि मागची बटप्लेट खालीवर होणारी असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ दे. आणि तू डावखुरी! रांगोळीची रेघ तू डाव्या हातानंच ओढतेस. आधी कोणता डोळा मुख्य आहे ते बघ. दोन्ही तळव्यांत छोटी फट करून त्यातून दूरचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो, तो मुख्य. डावा निघाला तर डाव्या बोल्टचीच रायफल शोध. मिळायला वेळ लागेल, पण उजवीवर भागवू नकोस. दर गोळीला हात पलीकडे नेऊन बोल्ट ओढायचा म्हणजे दर वेळी बसलेली मांडणी मोडायची.

आता स्कोपचं. तुला ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, खेळायचं असेल तर तिथे दुर्बीण चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे कडं, बस्स. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं ते तसंच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तीही प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, त्याच साइटवर. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. तेव्हा रायफल अशी घे की तिच्यावर दोन्ही बसेल. स्कोप लावून, वाळूच्या पिशवीवर टेकवून तुझ्या बॅरलला कोणती गोळी मानवते ते कळेल. मग स्कोप उतरव आणि खेळाला लाग.

गोळीचं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. दोन-चार प्रकारच्या पेट्या आण, प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मार, आणि जी जवळजवळ लागते त्याच लॉटच्या जास्त पेट्या घेऊन ठेव. जोरात जाणारी गोळी चांगली, असं दुकानदार म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जरा हळू असते, सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास. जोराची गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगते, आणि वाऱ्यानंही जास्त वाहते. तुझे सगळे पैसे रायफल-स्कोपमध्ये घालवू नकोस, गोळ्यांसाठी चांगला वाटा बाजूला ठेव.

स्कोप घेताना फार मोठ्या आकड्यावर भाळू नकोस. बारा पट पुरे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळ्या रानावर दुपारी हवा कशी थरथरते, मृगजळ कसं दिसतं, ते तू लहानपणी बांधावर बसून बघायचीस. चोवीस पटीत ते सगळं थरथरणं चोवीस पट होऊन समोर येतं, आणि टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं. त्यापेक्षा पॅरालॅक्स ५० मीटरला जुळवता येतो का ते आधी विचार. शिकारीचे बरेचसे स्कोप १०० यार्डांना बांधलेले असतात. त्यात डोळा जरा सरकला की रेघाही टार्गेटवरून सरकतात. एमओए हे कोनाचं बारीक माप, स्कोपची चकती त्यानुसार क्लिक-क्लिक फिरते; पाव एमओएच्या एका क्लिकला ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर फरक पडतो. चार क्लिक वर, चार उजवीकडे, चार खाली, चार डावीकडे असं फिरवून गोळी पुन्हा पहिल्या जागी लागते का ते बघ. नाही लागली तर परत कर. आणि रिंगचे स्क्रू! गेल्या दिवाळीत बंटीच्या छर्‍याच्या बंदुकीवर तुम्ही दोघं दुपारभर झिरो शोधत, म्हणजे स्कोपची रेघ आणि छर्‍याचं भोक जुळवत बसलात, आणि निघाला ढिला स्क्रू. रायफलीचेही तेवढेच नीट तपास.

घरी नुसता ट्रिगर ओढून सराव करणार असशील तर आधी विचार. पॉइंट टू-टूमध्ये पिन काडतुसाच्या काठावर आदळते. आत काही नसेल तर ती चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर आदळून कड खराब करू शकते. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस घाल.

बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, गोळ्या तिसऱ्या ठिकाणी. तुझ्या खोलीवर मैत्रिणींची भावंडं येतात, आणि हे मी तुला सांगून थकणार नाही. खंडेनवमीला रायफल इथे पूजेला आणायची म्हणालीस. मला खूप आवडेल, पण परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते आधी वाच, आणि नसेल चालत तर तिथेच हळदकुंकू वाहा. योगेश्वरीला माझ्याकडून नारळ ठेवीनच.

पहिल्या पाच गोळ्यांचा कागद मला पोस्टानं पाठव. फोटो नको, कागदच. त्यावर गोळीचं नाव, लॉट नंबर आणि त्या दिवशी वारा कुठून होता ते लिही.

तुझी,
आई